दोन की अठरा

त्या सकाळी मी छापखान्यात शिरले तेव्हा यंत्र बंद होतं आणि माणसं चालू होती.

एरवी उलटं असतं. मागच्या खोलीत यंत्राची धाडधाड सुरू असते, त्यामुळे पुढच्या खोलीत कोणी फारसं बोलत नाही. बोललं तरी ऐकू येत नाही. त्या दिवशी यंत्रावरचे काका हात पुसत पुढे येऊन उभे होते. पानं लावणारी मांडणीताई संगणकाकडे पाठ करून बसली होती. मालकांच्या एका हातात त्यांचा फोन होता आणि दुसऱ्या हातात माझ्या खणातला कॉलेजपासूनचा कॅल्क्युलेटर. दोन साक्षीदारांपैकी एक जण खोटं बोलतोय आणि तो कोण ते कळत नाहीये, अशा नजरेने ते दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते.

"ये, ये," ते मला म्हणाले. "तू विज्ञान शिकलेली. बारा भागिले दोन, त्याला लागून कंसात एक अधिक दोन. किती?"

"कुठे लिहिलंय?"

"कुठे म्हणजे? आपल्याच पुस्तकात! पान एकोणतीस!"

आमच्याकडे शाळेतल्या मुलांसाठी गणिताच्या सरावाची पुस्तकं निघतात. ती पुस्तकं लिहितात त्या बाई, मांडणीताई त्यांची पानं लावते आणि छापण्याआधी उत्तरं मी तपासते. बाई आता निवृत्त आहेत. मालक लहान असताना त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे बाईंचा फोन आला की मालक अजूनही उभं राहून बोलतात.

झालं होतं असं, की कुणा पालकाने एकोणतिसाव्या पानावरच्या एका उदाहरणाचा फोटो काढून समाजमाध्यमावर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'पुस्तकात उत्तर २ दिलंय. मला १८ येतंय. कोण बरोबर?' उदाहरण एवढंसं होतं:

१२ ÷ २(१ + २)

शनिवार-रविवारच्या सुट्टीत जगाला दुसरं काही काम नसावं. सोमवारी सकाळी आम्ही कुलूप उघडलं तेव्हा त्या फोटोखाली हजारो माणसं एकमेकांची अक्कल काढत होती.

"अठरा," यंत्रावरचे काका म्हणाले. "कंस सोडवला, तीन आले. मग डावीकडून निघायचं. बाराला दोनने भागलं, सहा. सहा त्रिक अठरा. संपलं."

"कसं संपलं?" मांडणीताई म्हणाली. "दोन कंसाला चिकटलाय ना! आधी दोन त्रिक सहा. मग बाराला सहाने भागायचं. दोन."

"चिकटलाय म्हणजे? गोंद लावलाय?"

"फोन अठरा म्हणतो," मालक म्हणाले, "आणि हा म्हणतो दोन." त्यांनी माझा कॅल्क्युलेटर कानाजवळ नेऊन हलवला आणि परत बटणं दाबली. परत दोनच.

"तो बिघडलेला नाही," मी म्हटलं. "काही कॅल्क्युलेटर कंसाला लागून असलेला गुणाकार आधी करतात, काही डावीकडून ओळीने जातात. बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं."

"मग बरोबर उत्तर कुठलं?"

"कसं वाचलं त्यावर आहे."

मी ऐन छपाईच्या दिवसांत महिनाभराची रजा मागितल्यासारखं मालकांनी माझ्याकडे बघितलं.

मालक मनाने चांगले आहेत, पण घाबरट आहेत. सकाळपासून शाळांचे फोन येत होते. त्यांनी एक निवेदन लिहून ठेवलं होतं: 'सदर उदाहरणाचे उत्तर चुकीचे छापले गेले. योग्य उत्तर १८ आहे. लेखिका दिलगीर आहेत.' त्यावर बाईंची सही हवी होती. आणि उद्या संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटलं नाही तर बाईंच्या पुस्तकाचा चौथा भाग छापायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाचं तयार पुस्तक त्यांच्याकडे येऊन पडलं होतं, ते घ्यायचं.

"लोक मुखपृष्ठावर बाईंचं नाव बघतील आणि पुस्तक खाली ठेवतील," ते म्हणाले. "मी तरी काय करू?"

चौथा भाग म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. त्यात आकड्यांच्या जोडीला पहिल्यांदा अक्षरं येणार होती. आधीच्या तीन भागांना बाई नुसती 'तयारी' म्हणायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या ह्या एका पुस्तकाकडे चालत आल्या होत्या, आणि आज शेवटचं प्रकरण घेऊन यायच्या होत्या.

त्या आल्याच. खांद्याला कापडी पिशवी, केस चापून बसवलेले. मालक उभे राहिले.

"बस रे," बाई म्हणाल्या. "यंत्र का बंद आहे?"

मालकांनी जमेल तेवढ्या गोड शब्दांत सगळं सांगितलं. बाईंनी फोनवरचा फोटो एकदाच पाहिला.

"दोन," त्या म्हणाल्या. "पुढे?"

"बाई, जग अठरा म्हणतंय."

"जगाला सांग, खाली बसा. कंचेभागुबेव! आधी कंस, मग चे, मग भागाकार. दोन आणि लगेच कंस म्हणजे कंसाची दुप्पट. ते 'चे' झालं, ते भागाकाराच्या आधी. तुला हे पाठ करायला किती दिवस लागले होते, सांगू का सगळ्यांसमोर?"

"नको, बाई." मालकांनी घाम पुसला. "पण लोक म्हणतात, तिथे 'चे' लिहिलेलंच नाही. आणि कितीतरी ठिकाणी 'चे' शिकवतच नाहीत म्हणे. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, आणि डावीकडून यायचं."

"मी शिकवलंय ते मला सांगू नकोस."

मालकांनी निवेदनाचा कागद हळूच पुढे सरकवला. बाईंनी तो वाचला आणि तितकाच हळूच परत सरकवला.

"माझं उत्तर बरोबर आहे. ह्यावर मी सही करणार नाही."

मालक टेबलाच्या कडेकडे बघत बोलले. "मग बाई... चौथा भाग सध्या राहू दे."

बाईंनी पिशवीतून अर्धवट बाहेर काढलेली पानं परत आत ठेवली. मग टेबलावरचा चौथ्या भागाचा आधीचा गठ्ठाही उचलला, कडा जुळवल्या आणि तोही पिशवीत घातला.

"राहू दे तर राहू दे," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

"बघितलंत ना?" दार लागल्यावर मालक म्हणाले. "मी परत तिसरीत गेलो."

यंत्र परत सुरू झालं. मी त्या फोटोखालची भांडणं वाचत बसले. म्हटलं, निदान दोन्हीकडचं म्हणणं नीट समजून घेऊ.

एकाने लिहिलं होतं, 'मी अभियंता आहे. १८.' खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मीही अभियंता आहे. २. तुम्ही बांधलेल्या पुलावरून मी जाणार नाही.' एक गृहस्थ कळवत होते, 'उत्तर काहीही असो, मिटवा एकदाचं. मी २, बायको १८, आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे.' सगळ्यांत जोरात भांडत होता तो 'टिकटिक' नावाचा कुणी. तो दोनच्या बाजूचा होता, पण त्याच्या पाठिंब्यामुळे दोनवाले अडचणीत येत होते. 'हे उदाहरण ज्यांनी लिहिलं त्या चुकत नाहीत,' असं तो जागोजागी लिहीत होता. कुणी पुरावा मागितला तर म्हणे, 'त्या पाव किलो आणा म्हणाल्या की घरात पाव किलोच लागतं. कमी नाही, जास्त नाही.' कुणी विचारलं, 'तुमच्या मते गुणाकार कुठल्या पायरीवर येतो?' त्यावर टिकटिकचं उत्तर, 'पायऱ्यांना माझ्या गुडघ्यांनी मनाई केली आहे. उत्तर दोन.'

वाचता वाचता मला हसू आवरेना. पण एक गोष्ट खटकली. दोन्हीकडची माणसं आपापल्या नियमाने अगदी चोख चालली होती. हिशेबात कोणीच चुकत नव्हतं. असं होतं तेव्हा हिशेब बाजूला ठेवून मोजायला काय घेतलं होतं ते बघायचं, एवढं मला प्रयोगशाळेने शिकवलं आहे.

मी फोन ठेवला आणि पुस्तक उघडलं. अपूर्णांकांचं प्रकरण. अठ्ठाविसाव्या पानावर सगळे अपूर्णांक उभे होते: वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद. तिसाव्या पानावरही उभे. मधल्या एकोणतिसाव्या पानावर मात्र सगळे आडवे पडलेले, एकेका ओळीत. आणि पानाच्या उजव्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, जिराफ.

मी मांडणीताईला बोलावलं. "हे आडवे का गं?"

"जिराफ," ती म्हणाली. "मालकांना पूर्ण जिराफ हवा होता, खुरापासून शिंगापर्यंत. मी म्हटलं, हत्ती घेऊ, हत्ती आडवा मावतो. तर म्हणे, हत्ती दुसऱ्या भागात होऊन गेला. मग जिराफाची मान बसवली आणि उभे अपूर्णांक बसेनात. एकेकाला दोन ओळींची उंची लागते. म्हणून आडवे केले."

"आणि रेघेच्या जागी भागाकाराचं चिन्ह टाकलंस."

"मग? रेघ म्हणजे भागिलेच की."

"भागिले आणि शिवाय कंस," मी म्हटलं. मी कागदावर रेघ ओढली, वर बारा लिहिले, खाली दोन आणि कंस. "रेघेखाली जे काही आहे ते सगळं एकत्र असतं, वेगळं सांगावं लागत नाही. रेघ काढली की तो न दिसणारा कंसही जातो. आता हे सोडव."

"दोन," ती म्हणाली. "ह्यात अठरा कुठून येणार?" आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई. म्हणजे हे सगळं माझ्यामुळे?"

"जिराफामुळे," मी म्हटलं. "आणि आपल्या तिघींमुळे. तू उभा अपूर्णांक आडवा करताना पाहिलास, तुला तो उभाच आठवत होता. बाईंनी पान तपासताना स्वतःचाच अपूर्णांक वाचला. मी अलीकडचं पान सोडवून त्याच ओघात पुढे आले, तोंडी दोन काढलं, मागे उत्तरांतही दोन होतं, पान उलटलं. एखादा नवखा माणूस तिथे अडखळला असता. आपल्यात नवखं कोणीच नव्हतं."

मालकांना लगेच सांगितलं असतं तर त्यांनी 'छपाईची चूक' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण चौथा भाग बाईंच्या पिशवीत होता, आणि बाईंना न सांगता त्यांच्या वतीने काही सांगणं मला पटेना. दुपारी पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणतो. एक हात त्यांनी पाठीमागे लपवला होता.

"तू दोन की अठरा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"काका, टिकटिक तुम्हीच ना?"

"हळू बोल! तिला माहीत नाही. तिला वाटतं मी फोनवर हवामान बघतो."

बाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. चौथ्या भागाचा गठ्ठा समोर होता, फितीने बांधलेला. फितीची गाठ पक्की होती.

"सही मागायला आली असशील तर चहा घे आणि जा."

"सही नको, बाई. एक पान तपासून हवंय." मी पुस्तक उघडून जिराफावर हात ठेवला. "समजा, एका मुलाने हे वहीत लिहून आणलंय. उत्तर बघू नका. लिहिलेलं बघा."

त्यांनी चष्मा नीट केला. मग बोट ओळीवरून एकदा डावीकडून उजवीकडे गेलं, आणि परत मागे आलं.

"हे असं आडवं कोणी लिहिलं?"

"पुस्तकात असंच आहे."

"मी असं लिहीत नाही. मी रेघ मारते."

"हो."

"मग मी तपासलं तेव्हा..." त्या थांबल्या. "मी रेघ बघितली. नसलेली रेघ बघितली मी."

मी जिराफाची हकीकत सांगितली. काका दारात उभे राहून ऐकत होते.

"पण उत्तर दोनच आहे ना?" त्यांनी आशेने विचारलं.

"अहो, माझ्या उदाहरणाचं दोन. ह्याचं नाही. हे ज्याला जसं वाचायचं तसं वाचता येतंय. वर्गात कुणी असं लिहून आणलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं."

"असं कसं? मी तर सगळ्यांना सांगून बसलोय की..."

"कोणाला सांगून बसलाय?"

काकांनी गुन्हेगारासारखा फोन पुढे केला. बाई वाचू लागल्या. पाव किलोपाशी त्यांच्या ओठांची कड हलली. गुडघ्यांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"हवामान!" त्या म्हणाल्या. "हवामान बघत होतात!"

"वादळी होतं," काका म्हणाले.

हसू ओसरल्यावर मात्र त्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. "आता कबूल केलं तर लोक म्हणतील, बाई हरल्या. आणि दोनला चिकटून बसले तर अठरा लिहिणाऱ्या मुलाला मी चूक द्यायची. त्याने काय चूक केलीय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोरा कागद आण बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मालकांपुढे कागद ठेवला. यंत्रावरचे काका यंत्र सोडून आलेच होते. मालकांनी मोठ्याने वाचलं:

"'एकोणतिसाव्या पानावरचा प्रश्न आम्ही नीट लिहिला नाही. म्हणून दोन म्हणणाऱ्यांचं आणि अठरा म्हणणाऱ्यांचं भांडण लागलं. दोघांनाही पूर्ण गुण. आता प्रश्न तुम्ही दुरुस्त करा. एक कंस असा घाला की उत्तर दोनच येईल. मग तो काढून दुसरीकडे असा घाला की अठराच येईल. आणखी कुठली उत्तरं आणता येतात का, तेही बघा.'" ते थांबले. "बाई, ह्यात उत्तर कुठंय?"

"ते लोक देतील."

"आणि चूक कोणाची ते?"

"'आम्ही' लिहिलंय. त्यात सगळे आले. तूसुद्धा. जिराफ कोणाला हवा होता?"

मालकांनी मांडणीताईकडे बघितलं. मांडणीताईने छताकडे बघितलं.

"हे टाक," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत लोक शांत झाले नाहीत तर तू ते दुसरं पुस्तक छाप. मी तुला एका शब्दाने बोलणार नाही."

बाई एका शब्दानेही बोलणार नाहीत, ह्यावर मालकांचा विश्वास बसलेला दिसला नाही, पण त्यांनी मजकूर टाकला. मग आम्ही सगळे आपापलं काम करत असल्याचं नाटक करत फोनकडे बघत राहिलो. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

आधी एकाने लिहिलं, 'पळवाट!' मग आणखी एकाने तेच. मालकांनी डोळे मिटले. मग एका शिक्षिकेने वहीच्या पानाचा फोटो टाकला: दोन कंस, दोन उत्तरं, आणि खाली 'हे उद्या वर्गात घेते'. त्यानंतर वह्यांचे फोटो येतच राहिले. पुलावरून न जाणाऱ्या अभियंत्याने दुसऱ्याला लिहिलं, 'बारा भागिले दोनच्या भोवती कंस घातला तर येईन.' स्वयंपाकघर गमावलेले गृहस्थ आता बायकोबरोबर एकाच कागदावर कंस टाकत होते.

"बाई, एकाने आठ आणलेत," मी वाचून दाखवलं. "कंस काढून टाकलाय आणि गुणिलेचं चिन्ह घातलंय. आणि हे बघा, एकाने तीन."

"तीन? दाखव."

बारा भागिले, मग कंसात दोन गुणिले एक अधिक दोन. बाईंनी तोंडी करून पाहिलं आणि मान डोलावली. "शाबास! कोण आहे हा?"

"नाव नाही. 'झोपाळू पेंग्विन' लिहिलंय."

"पेंग्विनला कळव, कंस हलवलास तेव्हा गुणाकाराचं चिन्ह स्पष्ट लिहिलंस, ते फार बरं केलंस."

मी कळवलं. पेंग्विनने उत्तर दिलं, 'थँक यू, बाई.' आम्ही कुठेही त्यांना बाई म्हटलेलं नव्हतं.

फोन वाजला. कालच रागावलेल्या एका शाळेचा होता. मालक ऐकत राहिले, हो हो म्हणत राहिले, आणि मग फोनवर हात ठेवून त्यांनी बाईंकडे बघितलं.

"बाई, ते विचारतायत, असं कोडं सोडवल्यासारखं पुढच्या पुस्तकात आहे का? त्यांना सगळ्या वर्गांसाठी हवंय."

"चौथा भाग सगळा असाच आहे," बाई म्हणाल्या. "आकडा लपलाय, त्याच्या जागी अक्षर आहे, आणि शोधायचं."

"मग..." मालक उभे राहिले. फोन धरलेला हात तसाच होता. "द्याल ना, बाई?"

बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला, फितीची गाठ सोडायला जरा वेळ लागला, मग पानं टेबलावर ठेवून त्यांनी कडा जुळवल्या.

"एका अटीवर. अपूर्णांक उभे राहतील. सगळे."

"पानं वाढतील, बाई."

"वाढू देत."

मालकांनी फोनमध्ये सांगितलं की चौथा भाग छापायला जातोय. यंत्रावरचे काका हात पुसत मागच्या खोलीत गेले.

बाई स्वतःची खुर्ची ओढून मांडणीताईच्या शेजारी जाऊन बसल्या. मांडणीताईने संगणकावर पहिलं पान उघडलं, वर अंश लिहिला, खाली छेद लिहिला आणि मध्ये रेघ ओढली. बाई पडद्याजवळ वाकल्या.

"अजून थोडी लांब," त्या म्हणाल्या. "ते शेवटचं अक्षर बाहेर राहतंय. हां. अजून थोडी."